नवा रेझर, जुना हात

एखाद्याला चारचौघांत झाडलं, त्याची पुरती फजिती केली, की मराठी माणूस म्हणतो, ‘त्याची बिनपाण्यानं केली.’ काय केली, ते सांगावं लागत नाही. पाण्याशिवाय दाढी म्हणजे काय हाल असतात, हे घराघरांत ठाऊक होतं त्या काळातला हा वाक्प्रचार. गंमत अशी, की आज पाच पात्यांचा महागडा रेझर हातात असलेली कितीतरी तरुण मुलं रोज सकाळी स्वतःचीच बिनपाण्यानं करून घेतात आणि वर रेझरला नावं ठेवतात.

भिलाईच्या सेक्टर १० मधल्या एखाद्या मराठी घरात सकाळी डोकावलं, तर हा प्रकार तीन पिढ्यांत एकदमच पाहायला मिळतो. छत्तीसगढमध्ये ही मराठी घरं आली कुठून, असं कोणी विचारील. त्याचं उत्तर जुन्या नकाशात आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. पुढे सोव्हिएत रशियाच्या मदतीनं इथं पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेव्हा विदर्भातल्या माणसाला भिलाई म्हणजे काही परमुलूख वाटत नव्हता. मुंबई-हावडा लायनीवर गाडीत बसायचं आणि दुर्गला उतरायचं. त्या वेळी आलेली मंडळी आता आजोबा-पणजोबा झाली आहेत.

तर अशा घरात आजोबांच्या खिडकीत एक ब्रश, एक वाटी, साबणाची वडी आणि मूठ फिरवली की उघडणारा जुना रेझर असतो. वडिलांकडे दोन पात्यांचा रेझर आणि क्रीमची ट्यूब. नातवाच्या फळीवर पाच पात्यांचं डोकं, फुस्स करून फेस सोडणारा डबा आणि वर लावायचं काहीतरी निळं पाणी. सगळ्यात जास्त पैसे नातवाचे गेलेले असतात, आणि लाल पुरळ उठलेली मानही बहुधा नातवाचीच असते. आजोबांच्या गालावरून मात्र हात फिरवावा, तर तो अडत नाही.

नातवाला वाटतं, आजोबांची कातडीच निबर झाली. आजोबांना वाटतं, हल्लीचं सामान म्हणजे नुसता देखावा. दोघांचंही म्हणणं खरं नाही. नवा रेझर उत्तम आहे. कित्येक बाबतींत जुन्यापेक्षा सरस आहे. हरवली आहेत ती रेझर गालाला लावण्याआधीची पाच-सात मिनिटं. रेझरबरोबर ब्रश, वाटी आणि सवडही अडगळीत गेली, तिथे घोटाळा झाला.

गावाकडचा न्हावी धोकटी घेऊन ओसरीवर यायचा, तेव्हा तो काय करायचा ते आठवून पाहा. वस्तरा काढायच्या आधी तो वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवून दाढी चोळायचा. चोळत राहायचा. गावातल्या चार बातम्या सांगून व्हायच्या, दोन लग्नं जुळून मोडायची, तरी त्याची बोटं गालावर फिरतच असायची. कित्येकदा साबण नसायचाच. लोकांना वाटायचं, गप्पांसाठी वेळ काढतो आहे. खरं तर तो केस भिजण्याची वाट पाहत असे. दाढीचा केस आपल्या नखासारख्याच केराटिन नावाच्या द्रव्याचा बनलेला असतो. कोरडं नख कापताना कट्‌कन उडतं आणि अंघोळीनंतर तेच नख मऊ होऊन सहज कापलं जातं, तसंच केसाचं आहे. पण केसावर त्वचेतल्या तेलाचा पातळ थर असतो, म्हणून नुसतं पाणी शिंपडून भागत नाही. चोळावं लागतं, साबण लागतो, आणि दोन-तीन मिनिटं तरी जाऊ द्यावी लागतात.

पोलादाच्या गावात राहणाऱ्यांना गंमत वाटेल अशी एक गोष्ट इथं सांगायला हवी. भिलाईच्या कारखान्यातून रेल्वेचे रूळ निघतात. हजारो टनांच्या मालगाड्या त्यांच्यावरून वर्षानुवर्षं धडधडत जातात. आणि इकडे त्याच पोलादाचं एक चुलत भावंड, दाढीचं पातं, आठवड्याभरात बोथट होतं. कशानं, तर केसानं. केस तर पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ! मग मऊ वस्तू कठीण वस्तूला कशी झिजवते? अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात याचा छडा लावण्यात आला आणि २०२० साली तो ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तिथल्या जियानलुका रोशिओली या संशोधक विद्यार्थ्यानं साध्या रेझरनं स्वतःची दाढी करायची आणि पातं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं, असा क्रम चालवला. अपेक्षा अशी होती, की धार हळूहळू गोल होत जाईल. दिसलं वेगळंच. धारेला बारीक टवके गेले होते. आणि हे टवके केसाला वाकायला जागा मिळत होती तिथे पडत होते. केस सरळ कापला न जाता कलला, तो धारेला बाजूनं रेटू लागला, आणि नेमक्या त्या जागी पोलादाची घडण एकसारखी नसली, की टवका उडतो.

घरात याचा एवढाच अर्थ घ्यायचा, की केस आणि पातं यांची गाठ कशी घालून द्यायची ते आपल्या हातात आहे. कोरडा, ताठ, आडवा पडलेला केस त्वचेला त्रास देतोच. भिजून मऊ झालेला, साबणानं उभा धरलेला केस कमी जोरात कापला जातो.

आता रेझरची कुळकथा थोडक्यात. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन माणसानं बदलायच्या पात्याचा रेझर १९०३ साली बाजारात आणला, तेव्हा पहिल्या वर्षी खपले ५१ रेझर आणि १६८ पाती. पुढे त्याचं काय झालं ते जग जाणतं. १९७१ मध्ये दोन पात्यांचं तयार डोकं आलं, १९९८ मध्ये तीन पात्यांचं, २००६ मध्ये पाच पात्यांचं. या डोक्याला दुकानदार कार्ट्रिज म्हणतो. या सगळ्या प्रवासात महत्त्वाचा फरक पात्यांच्या संख्येचा नाही, कोनाचा आहे. जुन्या रेझरमध्ये पातं गालाशी किती कलतं धरायचं ते माणसाच्या मनगटाला शिकावं लागे. शिकेपर्यंत दोन-चार कागदाचे कपटे हनुवटीला चिकटवून कामावर जावं लागे. कार्ट्रिजमध्ये तो कोन कारखान्यातच बांधून दिलेला असतो आणि डोकं गालाच्या चढ-उतारावर आपसूक झुलतं. कापण्याची भीती गेली. पण भीतीबरोबर हाताचा हलकेपणाही गेला. जुना जड रेझर दाबला तर रक्त यायचं, म्हणून कोणी दाबत नसे. नवा रेझर दाबला तर लगेच काही होत नाही, म्हणून सगळे दाबतात.

त्यातून काय होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. पुढचं पातं केसाला किंचित ओढतं आणि तो परत आत जाण्याआधी मागचं पातं त्याला आणखी खाली कापतं, अशी या रचनेमागची कल्पना. दाढी गुळगुळीत होते ती याचमुळे. पण जोर देऊन, उलट्या दिशेनं, चारदा रेझर फिरवला, की कापलेलं टोक त्वचेच्या पातळीखाली जातं आणि वाढताना बाहेर येण्याऐवजी आतच वळतं. मग मानेवर ते लाल, दुखरे, कधी पू धरणारे फोड. कुरळ्या दाढीच्या माणसाला हा त्रास अधिक होतो. असा त्रास वरचेवर होत असेल, तर एक-दोन पात्यांचा रेझर वापरावा, दाढी करताना कातडी ताणू नये, आणि फोड बरे होईपर्यंत सरळ दाढी वाढू द्यावी. त्यात कमीपणा काही नाही.

मग जुनी रीत नव्या रेझरला लावायची कशी? जशीच्या तशी लावून चालत नाही. आजोबांचा ब्रश नातवाला दिला आणि आजोबांसारखाच दाट, लोण्यासारखा फेस त्यानं काढला, तर पाच पात्यांमधल्या फटी दुसऱ्याच फटकाऱ्याला गच्च भरतील. जुन्या रेझरला एकच धार, बाकी सगळं मोकळं; तिथे दाट फेस धुऊन जायचा. कार्ट्रिजसाठी फेस थोडा पातळ, पाणी जास्त असलेला आणि थरही पातळ हवा. गालावरचे केस अंधुक दिसत राहिले, तरी बिघडत नाही.

अंघोळीनंतर दाढी केली तर निम्मं काम झालेलंच असतं. भिलाईत डिसेंबर-जानेवारीत सकाळी पाणी हाताला झोंबतं. तेव्हा कोमट पाण्यात भिजवून पिळलेला पंचा मिनिट-दोन मिनिटं दाढीवर धरावा. उन्हाळ्यात त्याची गरज पडत नाही. मात्र रात्रभराचा घाम आणि तेल साबणानं धुऊन मगच ब्रश लावावा. ब्रश दोन मिनिटं मगमध्ये भिजत ठेवावा, झटकावा आणि क्रीम शेंगदाण्याएवढं घ्यावं. जाहिरातीतल्यासारखी लांब वळवळती रेघ काढायची गरज नाही. मग वाटीत किंवा गालावरच ब्रश गोल फिरवत थेंब-थेंब पाणी घालत जावं. ब्रशची टोकं केसांच्या मुळाशी शिरतात, आडवे पडलेले केस उभे करतात, मेलेली कातडी सुटी करतात. डब्यातला तयार फेस दिसतो भरपूर, पण तो बराचसा हवेनं फुगलेला असतो आणि केस उचलायचं काम त्याला जमत नाही. डबाच वापरायचा असेल, तर आधी गाल चिंब करावा आणि फेस बोटांनी नीट चोळावा. धोकटीवाल्याची बोटं आठवावीत.

काही घरांत दाढीआधी खोबरेल तेल लावायचा रिवाज आहे. वस्तऱ्याला ते चालून जायचं. कार्ट्रिजच्या फटीत तेल आणि साबण मिळून चिकट राप बसतो, तो निघता निघत नाही. तेल लावायचंच असेल तर दाढीनंतर लावावं.

यानंतरची गोष्ट शिकवायला पाच मिनिटं लागतात आणि ती कोणी शिकवतच नाही. दाढी वाढलेली असताना एक दिवस गालावरून, हनुवटीखाली, मानेवर बोटं चारही दिशांना फिरवून पाहायची. ज्या दिशेला बोट अडत नाही, ती केसांची दिशा. गालावर ती बहुधा वरून खाली असते. मानेवर मात्र कोणाच्या खालून वर, कोणाच्या तिरपी, कोणाच्या घशाजवळ चक्क भोवरा. पहिला हात नेहमी त्या दिशेनं. छोटे, बोटभर लांबीचे फटकारे, आणि रेझर दांड्याच्या टोकाशी, पेन धरल्यासारखा धरावा, म्हणजे दाबायची सोयच उरत नाही. दोन फटकाऱ्यांनंतर रेझर पाण्यात खळबळून घ्यावा. तेवढ्यानं समाधान होत नसेल, तर पुन्हा फेस लावून आडवा हात फिरवावा. उलट्या दिशेनं रोज फिरवायला कातडी दणकट हवी. लग्नाकार्याच्या दिवशी एक वेळ ठीक. फेस नसलेल्या जागेवरून ‘जरा एवढंच राहिलंय’ म्हणून फिरवलेला शेवटचा हात सगळ्यात जास्त नडतो.

मगातल्या पाण्यावरून एक खरी घडलेली गोष्ट. जिलेट कंपनीनं २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत भारतासाठी म्हणून व्हेक्टर नावाचा एक रेझर काढला. तो भारतीयांना आवडतो का हे पाहायला, दूर कशाला जा म्हणून, कंपनीनं आपल्या बोस्टनच्या कार्यालयाजवळच एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना तो वापरायला दिला. मुलांनी पसंत केला. भारतात आल्यावर मात्र तक्रारी येऊ लागल्या, की दाढीचे केस अडकून रेझर तुंबतो. बोस्टनमधल्या मुलांच्या बाथरूममध्ये धो-धो वाहता नळ होता. इथे कोट्यवधी माणसं अंगणात किंवा खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीला आरसा टेकवून, वाटीभर पाण्यात दाढी करतात, हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग कंपनीची माणसं भारतात येऊन घरोघर बसली, लोक दाढी कशी करतात ते पाहत राहिली, आणि २०१० मध्ये गार्ड नावाचा रेझर आला. एकच पातं, पुढे दात्यांची कड, वाटीत बुडवला की स्वच्छ व्हावा अशी मोकळी रचना, आणि मोरीतल्या खिळ्याला अडकवायला दांड्याला भोक. किंमत तेव्हा १५ रुपये आणि नव्या डोक्याचे ५. शहाणपणाची गोष्ट म्हणून ही उद्योगजगतात वारंवार सांगितली जाते. मराठी गृहिणीला तिच्यात नवल वाटायचं कारण नाही. वाटीभर पाण्यात दाढी, आणि तेच पाणी नंतर कुंडीत न ओतता मोरीत ओतायला लावणं, हे तिनं आयुष्यभर केलं आहे.

महागड्या डोक्याचं आयुष्य वाढवायच्या अनेक युक्त्या घरोघर फिरत असतात: जीनच्या पँटवर घासा, तेलात बुडवा, फ्रिजमध्ये ठेवा. त्यापेक्षा साधं काम करावं. दाढी झाली की डोकं मागच्या बाजूनं पाण्याखाली धरावं, म्हणजे अडकलेले केस पुढे निघून येतात. झटकावं आणि मोरीबाहेर कोरड्या जागी टांगावं. बेसिनच्या कडेवर ठोकू नये. टॉवेलनं पुसू नये आणि अंगठ्यानं तर मुळीच नाही. त्वचेचे डॉक्टर साधारण ५ ते ७ दाढ्यांनंतर पातं बदलायला सांगतात. दाट, राठ दाढीला त्याआधी, विरळ दाढीला थोडं नंतर. ओढल्यासारखं वाटू लागलं की त्या दिवशीच बदलावं. दहा रुपये वाचवून मलमाला पन्नास घालवू नयेत. भिजवून, हलक्या हातानं केलेल्या दाढीत कार्ट्रिज सावकाश झिजतं, ही जुन्या रितीची नव्या खर्चावरची बचत.

मिसरूड फुटलेल्या मुलाचा विषय घरात चेष्टेत निघतो आणि चेष्टेतच संपतो. सेक्टर १० मधल्या भिलाई स्टील प्लँटच्या सीनियर सेकंडरी शाळेत अकरावी-बारावीची मुलं अभ्यासाच्या मागे किती धावतात, हे सगळ्या भिलाईला माहीत आहे. असा मुलगा सात वाजता उठतो, वडिलांचाच रेझर उचलतो, कोरड्या गालावरून दोन हात मारतो आणि सायकल काढतो. गालावर मुरुमं असतील तर ती कापली जातात, जंतू पसरतात, डाग राहतात. वडिलांनी एका रविवारी मुलाला आरशापुढे उभं करून बोटांनी केसांची दिशा पाहायला शिकवली, तर पुढचं बरंच टळतं. आणि रेझर ज्याचा त्याचा. बाप-लेकांतही नाही, भावाभावांतही नाही. काविळीचा ब वर्गाचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो आणि पात्यावरचं रक्त डोळ्यांना दिसलं पाहिजे असं नाही. तुरटीच्या खड्याचंही तेच. तुरटीनं बारीक कापल्याचं रक्त थांबतं, कातडी आवळते, ते सगळं खरं. पण एकच खडा दहा गालांवर फिरू नये. सलूनमध्ये नवं पातं आपल्या समोर फोडून वस्तऱ्यात बसवायला सांगावं. कारागीर रागावत नाही. हल्ली तो स्वतःच दाखवतो.

भिलाईत स्वच्छ दाढीचा आणखी एक संबंध आहे आणि तो दिसण्याशी नाही. झोतभट्टीच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. १२ जून २०१४ रोजी कारखान्यात अशा वायूच्या गळतीनं सहा जणांचा जीव गेला. विषारी वायूच्या जागी जाताना चेहऱ्यावर घट्ट बसणारा मुखवटा वापरतात, त्याची कड कातडीला चिकटून राहिली तरच तो कामाचा. दोन दिवसांचे खुंट असले, तरी कडेखालून हवा शिरू शकते. म्हणून असा मुखवटा लावणाऱ्यानं कड बसते तेवढा भाग तरी गुळगुळीत ठेवावा, हा जगभरचा नियम आहे. ज्यांनी धर्मानुसार दाढी राखली आहे त्यांच्यासाठी डोक्यावरून घ्यायचे सैल टोप असतात. मानेवर फोड आले म्हणून आज दाढी नको, असं म्हणायची सोय या कामात नसते. त्यामुळे रोज करूनही कातडी शाबूत राहील अशी दाढी येणं, हे अशा घरात चैनीचं काम नाही.

आता घरातल्या बायकांच्या वाट्याला येणारी गोष्ट. ज्यांनी तीस-पस्तीस वर्षं पहाटेच्या पाळीलाही दाढी केल्याशिवाय घर सोडलं नाही, त्यांचे हात एक दिवस कापू लागतात. कोणाला कंपवात, कोणाला अर्धांगाचा झटका, कोणाला नुसतं वय. जवळच सेक्टर ९ मध्ये कारखान्याचं मोठं हॉस्पिटल आहे, औषधपाणी होतं. पण घरी आल्यावर गालावर चार दिवसांचे पांढरे खुंट वाढलेले असतात आणि माणूस दाराची बेल वाजली की आतल्या खोलीत जाऊन बसतो. मुलगा पुण्याला नाहीतर बंगळूरूला. न्हावी घरी यायला तयार असतो, पण रोज नाही. उरतात बायको आणि सून. बायकोनं उभ्या जन्मात रेझर हातात धरलेला नसतो. सुनेनं सासऱ्यांच्या पायाला हात लावलेला असतो, गालाला कधी नाही. संकोच दोन्हीकडून असतो आणि तो खरा असतो. त्यामुळे ‘राहू दे, उद्या बघू’ असं म्हणत आठवडा जातो.

इथे मात्र जुना रेझर कपाटातच ठेवावा. दुसऱ्याच्या गालावर, सैल सुरकुतलेल्या कातडीवर, उघड्या धारेचा कोन सांभाळणं नवशिक्या हाताचं काम नाही. कार्ट्रिज हे काम सोपं करतं. पण रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं. अशा माणसाला ते बहुधा विजेवर चालणारा रेझर वापरायला सांगतात, आणि तो कोरड्या गालावर चालवायचा असतो.

दाढी पात्यानं करायची ठरली, तर त्यांना उशांच्या आधारानं नीट बसवावं, उजेड समोरून यावा, कवळी असेल तर तोंडात असू द्यावी म्हणजे गाल भरलेले राहतात. छातीवर पंचा. कोमट पाण्याचा पंचा गालावर धरून ठेवावा, घाई करू नये. मग ब्रश त्यांच्याच हातात द्यावा आणि आरसा समोर धरावा. ज्या हाताला रेझर झेपत नाही, त्याला ब्रश झेपतो. हात कापला, फेस कानाला लागला, नाकाला लागला, तरी पुसता येतो. आपण केवळ दाढी करून घेत नाही, दाढी करतो आहोत, एवढं त्यांच्याकडे राहतं. ‘बाबा, इथे राहिलंय’ असं सून म्हणते आणि सासरे ब्रश तिथे नेतात, इतक्यात दोघांचा संकोच निम्मा ओसरलेला असतो.

मग आपण बाजूला बसावं, समोर नाही, म्हणजे हात नैसर्गिक वळतो. डाव्या हाताच्या दोन बोटांनी कातडी कानाकडे हलकेच सपाट करावी. ताणायची नाही, सुरकुती उघडण्यापुरतीच. कानाच्या पाळीपासून खाली, बोटाच्या पेराएवढे फटकारे, केसांच्या दिशेनं. ओठाच्या वरच्या भागासाठी त्यांना वरचा ओठ दातांवर ओढून धरायला सांगावं, गालाला खळगा पडत असेल तर गाल फुगवायला सांगावं. ही कसरत पन्नास वर्षांची सवय असते, सांगताच आपोआप होते. गळ्याचा घाटीचा भाग सर्वांत शेवटी, आणि तिथे रेझर सरळ वरून न नेता त्यांना गिळायला सांगून कातडी बाजूला सरकवून करावी. उलटा हात नाही, दुसरा फेरा नाही. थोडी खरखर राहिली तर राहू द्यावी. मधुमेह असेल तर कापलेलं लहानसं असलं तरी धुऊन, कोरडं करून, दोन दिवस लक्ष ठेवावं.

शेवटी गार पाण्याचा हात, पंचानं टिपून घेणं, आणि जळजळणाऱ्या सुगंधी पाण्याऐवजी साधं मॉइश्चरायझर किंवा खोबरेल तेलाचे दोन थेंब. ब्रश धुऊन, झटकून, केस खाली करून टांगावा. उभा ठेवला तर पाणी मुळाशी मुरतं आणि केस गळू लागतात. संपलेली डोकी आणि पाती उघडी कचऱ्यात टाकू नयेत. भिलाईत काय, नागपुरात काय, कचरा निवडणारे हात बहुधा मोकळेच असतात. जुन्या पावडरच्या पत्र्याच्या डब्याला वरून फट पाडून त्यात ती जमा करावीत, डबा भरला की फट चिकटपट्टीनं बंद करावी, वर ‘ब्लेड’ असं मोठ्या अक्षरांत लिहावं आणि मगच तो बाहेर ठेवावा.